जुन्या मोटरहोमचा रंग उडालाय? डबा उघडण्याआधी भिंत ठोकून बघा

'व्हॅन लाइफ'चे रील्स बघत असाल, तर हा प्रकार तुमच्या फीडमध्ये नक्की येऊन गेला असेल. पंचवीस-तीस वर्षं जुनी मोटरहोम. पांढऱ्याचा पिवळट झालेला रंग, कुठे पोपडे, कुठे गंज. मग मागे गाणं वाजतं आणि पंधरा सेकंदांत गाडी चकाचक! खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो, "हे घरच्या घरी होतं का?"

होतं. छोटे ओरखडे, उडालेले टवके, गंजाचे ठिपके, फिका पडलेला एखादा दरवाजा ही कामं थोडा संयम असलेला कुणीही करू शकतो. पण त्या पंधरा सेकंदांतून जे कापलेलं असतं, तेच खरं काम असतं. शिवाय मोटरहोमच्या बाबतीत एक गोष्ट कारपेक्षा फार वेगळी आहे. कारचा रंग उडाला की गाडी वाईट दिसते. मोटरहोमवर दिसणारा डाग मात्र पुष्कळदा रंगाचा नसतोच, तो आत शिरलेल्या पाण्याचा असतो. त्यावर रंग मारला की डाग दिसेनासा होतो आणि भिंत आतून कुजत राहते.

म्हणूनच या लेखात रंगाचा डबा जरा उशिरा उघडणार आहोत. आधी गाडी समजून घेऊ.

मोटरहोमच्या अंगावर एकच कातडी नसते

इंजिन आणि घर एकाच गाडीत असेल तर ती मोटरहोम. दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढायची असेल तर ती कॅराव्हॅन. युरोपात फोक्सवॅगनच्या बसमध्ये बसवता येणारं वेस्टफालियाचं कॅम्पिंगचं सामान १९५१ मध्ये आलं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावात विनेबागो कंपनीची पहिली मोटरहोम १९६६ मध्ये तयार झाली.

रंगकामासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की बहुतेक मोटरहोम दोन कंपन्यांनी मिळून बनवलेल्या असतात. पुढची केबिन आणि चेसिस फोर्ड, फियाट अशा वाहन कंपनीची, तर मागचं घर दुसऱ्याच कंपनीनं बांधलेलं. त्यामुळे एकाच गाडीवर तीन-चार प्रकारचे पृष्ठभाग असू शकतात. प्रत्येकाला लागणारा प्रायमर वेगळा असतो.

फायबरग्लास: बाजूच्या भिंती आणि पुढचा-मागचा गोलसर भाग बऱ्याचदा याचा असतो. वरचा चकचकीत थर हा नेहमीचा रंग नसून 'जेलकोट' असतो, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं रेझिन. कारवरच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर भरतात. जेलकोट मात्र साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर जाड असतो. म्हणूनच तो घासून, पॉलिश करून पुन्हा उजळवता येतो.

ॲल्युमिनियम: जुन्या गाड्यांच्या पन्हाळीदार पत्र्यांना कारखान्यातच रंग दिलेला असतो. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. पण रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि रंगावर किड्यानं पोखरल्यासारख्या बारीक रेषा दिसू लागतात.

लोखंडी पत्रा: केबिन, दरवाजे, चाकांच्या कमानी. व्हॅनचंच घर केलेलं असेल तर सगळी बॉडी. इथे शत्रू एकच, गंज.

प्लॅस्टिक: बंपर, सामानाच्या कप्प्यांची झाकणं, कडेच्या पट्ट्या. यातलं बरंच एबीएस प्लॅस्टिक असतं. त्याला कडक थिनर लावला तर ते विरघळून चिकट होतं.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लोहचुंबक. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर टिचकी मारून आवाज ऐका. ॲल्युमिनियमचा आवाज पत्र्यासारखा येतो, फायबरग्लासचा बसका.

पहिली पायरी: पाणी शोधा

जुन्या मोटरहोमची भिंत सँडविचसारखी असते. बाहेर फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यामागे अनेकदा प्लायवूड, मध्ये लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि इन्सुलेशन. हे थर गोंदानं चिकटवलेले असतात. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या चौकटीतून किंवा मागच्या दिव्याच्या कडेनं पाणी आत शिरलं, की प्लायवूड फुगतं, गोंद सुटतो आणि बाहेरचा थर फुगा धरतो. याला डीलॅमिनेशन म्हणतात. केबिनच्या डोक्यावर झोपायचा कप्पा असलेल्या गाड्यांमध्ये त्या कप्प्याची पुढची बाजू ही गळतीची अगदी ठरलेली जागा.

तपासणी अशी करा.

१. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि गाडीच्या लांबीनं चालत जा. दिवसा न दिसणारे फुगवटे सावलीसह उठून दिसतात.

२. नाण्यानं हळूहळू ठोकत जा. भरीव जागेचा आवाज टणक येतो. थर सुटलेल्या जागी तो पोकळ होतो.

३. खिडक्या, दिवे आणि कोपऱ्यांजवळ तळहातानं दाबा. भिंत मऊ लागली किंवा आत-बाहेर झाली तर थांबा.

४. आत जाऊन त्याच जागेची उलटी बाजू बघा. कपाटांच्या कोपऱ्यात डाग, फुगलेलं प्लाय, कुबट वास, पायाखाली दबणारी जमीन ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत.

५. शक्य असेल तर ओलावा मोजायचा मीटर आणा. एकच आकडा बघून निष्कर्ष काढू नका. गाडीची खात्रीनं कोरडी असलेली जागा आणि संशयाची जागा यांची तुलना करा.

ओल सापडली, तर रंगाचं काम तिथेच थांबतं. आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, कुजलेला भाग बदला. याला काही दिवस नव्हे, कधी कधी आठवडे लागतात. ओल्या भिंतीवर नवा रंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालून कोरडं व्हायची वाट बघणं.

तुम्ही जुनी मोटरहोम विकत घ्यायला निघाला असाल, तर हेच उलट बाजूनं लक्षात ठेवा. एरवी फिक्या पडलेल्या गाडीवर फक्त खिडकीखालीच ताजा रंग दिसला, तर आधी तिथेच नाणं ठोका.

दुसरी पायरी: खरंच रंग हवाय का?

भिंत कोरडी निघाली, तर आता दुसरा प्रश्न. काळ्या कापडाचा तुकडा घ्या आणि फिक्या जागेवर घासा. कापडावर पांढरी भुकटी आली तर रंग गेलेला नाही, फक्त त्याचा वरचा थर उन्हानं मेलाय. याला चॉकिंग म्हणतात.

अशा जेलकोटला रंगाची नव्हे, रबिंगची गरज असते. स्वच्छ धुवा, कंपाउंड लावून पॉलिशिंग मशीननं घासा, मग वॅक्स. फारच खडबडीत झाला असेल तर आधी १०००, मग १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत वापरा. कडा आणि कंगोऱ्यांवर जपून, कारण तिथे थर सगळ्यात आधी घासून जातो.

भिंतीवरचे उभे काळे किंवा पांढरे ओघळही बऱ्याचदा रंगाचा दोष नसतात. छतावर रबराचं आवरण असेल तर ते जुनं होताना त्याची पांढरी भुकटी पावसाबरोबर खाली येते. ते छत सौम्य साबणानं धुवा. पेट्रोल, रॉकेल किंवा तसलं काही लावू नका, त्यानं ते रबर फुगतं.

जुने स्टिकर-पट्टे चिरफळले असतील तर हेअर ड्रायरनं गरम करून हळूहळू सोलता येतात. पण खाली मूळ रंगाचा गडद पट्टा उरतो, कारण आजूबाजूचा रंग उन्हानं फिका झालेला असतो. त्या 'सावली'वर रंग लावत बसण्यापेक्षा त्याच मापाचा नवा पट्टा चिकटवणं स्वस्त पडतं.

तिसरी पायरी: नाक-तोंड सांभाळा

हा भाग रील्समध्ये जवळपास नसतोच. पण या कामात पैशांपेक्षा मोठं काही पणाला लागत असेल, तर ते इथे.

धूळ: अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. पण त्या बंदीतून वाहनांचे रंग वगळलेले होते. भारतातही घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली, तीही वाहनांच्या रंगांसाठी नाही. म्हणजे जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं, असंच धरून चाला. ॲल्युमिनियमवर पिवळट हिरवा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेट असू शकतो. त्यातलं क्रोमियम कॅन्सरला कारणीभूत ठरतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाण्यासोबत घासा. धूळ रोखणारा चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि पडलेला लगदा गोळा करा. त्याच कपड्यांनी घरात फिरू नका.

फवारा: बाजारात वनके आणि टूके असे दोन प्रकारचे रंग मिळतात. वनके म्हणजे एकाच डब्यात तयार, सुकला की झाला. टूकेमध्ये हार्डनर मिसळावा लागतो. तो जास्त टिकतो, पेट्रोल सांडलं तरी सहसा उतरत नाही. पण बहुतेक टूके हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते फुफ्फुसात गेले तर कायमचा दमा होऊ शकतो. ब्रिटनची आरोग्य व सुरक्षा यंत्रणा वाहनं रंगवणाऱ्यांना याबद्दल वर्षानुवर्षं सावध करत आली आहे. वाईट भाग हा, की धोक्याच्या पातळीलाही त्याचा वास येत नाही. त्यामुळे साधा कोळशाचा फिल्टर असलेला मास्क कधी निकामी झाला, ते कळत नाही. व्यावसायिक रंगारी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात, तो यासाठी. घरी तशी सोय नसते. म्हणून घरी स्प्रे करायचा असेल तर वनके वापरा आणि टूकेचा फवारा गॅरेजवर सोडा. छोट्या स्प्रे कॅनमध्येही टूके मिळतो, म्हणून लेबल वाचूनच कॅन घ्या.

ठिणगी: मोटरहोममध्ये गॅसवर चालणारा फ्रीज आणि गीझर असू शकतो. म्हणजे आत ज्योत असते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, आणि फ्रीजची हवा घेणारी जाळी नेमकी बाहेरच्या भिंतीत खालीच असते. काम सुरू करण्याआधी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. नुसता फ्रीजचा स्विच बंद करून भागणार नाही.

चौथी पायरी: रंग जुळवणं

"पांढराच तर आहे, कुठलाही चालेल" असं वाटतं ना? पांढऱ्याच्या इतक्या छटा आहेत, की चुकीचा पांढरा लांबून ठिगळासारखा दिसतो.

केबिनचा रंग-कोड वाहन कंपनीच्या स्टिकरवर सापडतो. तो बऱ्याचदा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीत असतो. पण तो कोड मागच्या घराला लागू होईलच असं नाही, कारण ते दुसऱ्या कंपनीचं आहे. त्यासाठी एखादं सुटं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्या. तिथे रंग मोजायचं यंत्र असेल तर त्यावरून छटा बनवून मिळते.

इथे एक क्रम पाळा. आधी पॉलिश, मग जुळवणी. मळलेल्या, भुकटी धरलेल्या पृष्ठभागावरून रंग जुळवला, तर पुढे गाडी पॉलिश केल्यावर तुमचा टच-अप मळका दिसेल. आणि कारखान्यातला मूळ कोडही आंधळेपणानं वापरू नका. तीस उन्हाळे खाल्लेली गाडी आता त्या रंगाची राहिलेली नसते. आधी पुठ्ठ्यावर नमुना मारा, पूर्ण सुकू द्या आणि उन्हात गाडीला लावून बघा. ओला रंग आणि सुकलेला रंग यांत फरक पडतो.

पाचवी पायरी: छोटा टवका कसा भरायचा?

दगड उडून पडलेला टवका, किल्लीचा ओरखडा यांसाठी स्प्रेची गरज नसते.

जागा साबणानं धुवा आणि तेलकटपणा काढा. गंज असेल तर टोकदार पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. टूथपिकनं किंवा अगदी बारीक ब्रशनं प्रायमरचा थेंब सोडा. सुकल्यावर रंगाचा पातळ थेंब, मग पुन्हा एक. एकाच वेळी भरून काढायचा मोह टाळा, जाड थेंब वरून सुकतो आणि आतून मऊ राहतो. शेवटचा थर आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवा. दोन-चार दिवसांनी २००० नंबरच्या पेपरनं पाण्यासोबत हलकेच सपाट करा आणि पॉलिश लावा.

सहावी पायरी: मोठा डाग, पूर्ण पद्धत

तळहाताएवढी किंवा एखाद्या झाकणाएवढी जागा असेल तर क्रम असा.

१. धुणं. आधी साबण-पाणी, मग ग्रीस काढणारं द्रव. हे घासण्याआधीच करा, नाहीतर तेल पेपरच्या रेघांमध्ये चोळलं जातं.

२. थिनरची चाचणी. कोपऱ्यात थिनरचा बोळा घासा. रंग विरघळून बोळ्यावर आला, तर आधी कुणीतरी साधा स्प्रे मारलेला आहे. त्यावर कडक रंग मारला तर तो सुरकुततो. तो जुना थर काढणंच बरं. प्लॅस्टिकवर ही चाचणी करू नका.

३. घासणं. १८० किंवा २४० नंबरपासून सुरुवात करून ३२० आणि ४०० पर्यंत या. जुन्या रंगाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत उतरती करा. ही कड राहिली, तर वर कितीही थर दिले तरी नकाशासारखी दिसत राहते.

४. दुरुस्ती. इथे पृष्ठभागानुसार रस्ता बदलतो.
लोखंडावर सगळा गंज काढा. खड्ड्यांत उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा.
फायबरग्लासवर केसासारख्या भेगा असतील तर त्या वरून बुजवू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून मग फिलर भरा. जेलकोट पेस्ट वापरत असाल तर ती हवेत वरून चिकट राहते, म्हणून सुकताना वर पारदर्शक फिल्म दाबून ठेवा.
ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी पूर्ण घासून काढा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या. उघड्या धातूवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो.

५. लांबी भरणं. खोलगट जागा फिलरनं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लांबीनं भरा आणि सपाट घासा. ॲसिड असलेल्या एच प्रायमरवर पॉलिस्टर लांबी भरू नका, ती नीट धरत नाही.

६. प्रायमर. उघड्या लोखंडावर इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर. ॲल्युमिनियमवर एच किंवा इपॉक्सी, दोन्ही एकावर एक नको. प्लॅस्टिकवर आधी ॲढीजन प्रमोटर, नाहीतर रंग टेपबरोबर सोलून येतो. प्रायमर सुकल्यावर ६०० नंबरनं हलकेच घासा.

७. रंग. कॅन मिनिटभर हलवा, २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, हात सतत चालता ठेवा. फवारा पृष्ठभागाच्या बाहेर सुरू करा, बाहेरच संपवा. पहिला थर अगदी विरळ, खालचं दिसलं तरी चालेल. असे तीन-चार पातळ थर. दोन थरांमधला वेळ डब्यावर लिहिलेला पाळा.

८. क्लिअर कोट. मूळ रंगावर असेल तरच.

९. फिनिशिंग. पूर्ण सुकल्यावर २००० नंबर, मग पॉलिश. वॅक्स मात्र साधारण महिनाभर लावू नका, ताज्या रंगातलं द्रावण बाहेर पडायला वाट हवी असते.

आणखी दोन युक्त्या. टच-अपची हद्द मोकळ्या भिंतीच्या मध्यभागी कधीच थांबवू नका. एखादी पट्टी, सांधा किंवा दरवाजाची कड गाठा, फरक तिथे लपतो. आणि क्लिअर कोट सालपटासारखा सुटत असेल तर तेवढ्याच जागी टच-अप टिकत नाही. बाजूची कड उद्या सुटणार. तो अख्खा भाग घासून नव्यानं रंगवावा लागतो.

हे चुकूनही रंगवू नका

खिडक्या: युरोपियन मोटरहोमच्या खिडक्या बऱ्याचदा काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात. थिनर काय, स्पिरिटचाही बोळा लागला तरी त्यांत बारीक भेगांचं जाळं पडू शकतं, आणि ते परत जात नाही. आधी खिडकी नीट झाका, मगच बाटली उघडा.

जाळ्या आणि भोकं: फ्रीज, गीझर आणि गॅस सिलिंडरच्या कप्प्यातली हवेची भोकं काम होईपर्यंत झाका आणि संपल्यावर आठवणीनं उघडा. कप्प्याच्या तळाचं भोक गळलेला गॅस बाहेर जाण्यासाठी असतं.

रबरी सील: रंगलं की ताठरतं, तडकतं आणि मग पाणी आत.

सिलिकॉन: त्यावर रंग बसत नाही. त्याचा तेलकट अंश आजूबाजूला पसरला तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडतात. सांधे पुन्हा बंद करायचे असतील तर सिलिकॉनऐवजी पॉलियुरेथेन सीलंट किंवा चौकटीखाली ब्युटिल टेप वापरा.

हवा बघूनच काम

साधारण १५ ते ३० अंश तापमान, कोरडी हवा, वारा नाही आणि थेट ऊन नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पोहोचेपर्यंतच सुकतो आणि खरखरीत बसतो. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ होतो.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. हौशी लोकांच्या कॅम्पर व्हॅनही आता रस्त्यावर दिसतात. त्यातल्या अनेक पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर बांधलेल्या असतात. म्हणजे बॉडी लोखंडी पत्र्याची, आणि मुख्य लढाई गंजाशी.

कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर फिरून आल्यावर चाकांच्या कमानी आणि गाडीचा तळ गोड्या पाण्यानं धुवा. टच-अपआधी तर हे हवंच. मीठ रंगाखाली अडकलं, तर ते ओलावा ओढून घेतं आणि काही महिन्यांत फोड येतात. कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मात्र थंडीत सकाळी दव असतं, म्हणून उन्हं वर आल्यावर सुरू करा आणि चार वाजेपर्यंत हात आवरा. पावसाळ्यात फक्त उघड्या धातूवर तात्पुरता प्रायमर द्या, बाकी काम पुढे ढकला.

कायद्याचं काय? त्याच रंगाचा टच-अप म्हणजे नुसती देखभाल. पण गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारून नोंद करून घ्या. आणि कितीही 'ॲडव्हेंचर' वाटलं तरी लष्करी ऑलिव्ह ग्रीन नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ प्रमाणे हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनीही लक्षात ठेवा, तिथे गाडीचा रंग बदलल्यास डीव्हीएलए या परवाना खात्याला कळवावं लागतं.

गॅरेजमध्ये कधी जायचं?

भिंत फुगली असेल, मऊ लागत असेल, गंजानं पत्र्याला भोक पडलं असेल, क्लिअर कोट मोठ्या भागावर सुटत असेल किंवा टूकेचा फवारा हवा असेल, तर स्वतः हात घालू नका. गॅरेजवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा, "रंगाआधी ओल तपासणार का?" उत्तर "त्याची काय गरज" असं आलं, तर दुसरं गॅरेज बघा.

उरलेलं तुमचं काम. पण अपेक्षा योग्य ठेवा. घरचा टच-अप नाक लावून बघितला तर दिसणारच. दोन मीटरवरून दिसला नाही, खाली धातू उघडा राहिला नाही आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा फोड आला नाही, तर काम जमलं म्हणायचं. यातली तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. म्हणून पावसाळा संपला की टॉर्च आणि नाणं घेऊन गाडीभोवती एक चक्कर पुन्हा मारा.